लादी वाजवून निवडलेलं हॉटेल

किस्से कुणी ठरवून जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या जव्हारच्या ऑफिसात फाइलींच्या कपाटाचं दार आता लागत नाही, पण येणाऱ्यांपैकी एकही जण फाइल मागत नाही. चहा घेतो, खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "ताई, तो हॉटेलचा सांगा ना." मी विचारते, कुठला? हॉटेलचेच सहा-सात आहेत!

आधी आम्ही कोण ते सांगते. आमची संस्था लहानशी. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बायका नाचणीचे पापड, लाडू, बिस्किटं करतात आणि वर्षातून तीन-चारदा शहरातल्या मोठ्या कंपन्या आपल्या लॉबीत आम्हाला स्टॉल लावू देतात. दोन दिवसांचं काम असतं, म्हणजे एक मुक्काम आलाच. कंपन्या जिथे आहेत तिथे पूर्वी कारखाने होते. आता काचेच्या इमारती आहेत, आणि ज्या नाहीत त्या होतायत. आमच्या बायका त्या भागाला काचपाडा म्हणतात. जीपमध्ये आम्ही पाच जण असतो. ड्रायव्हर चिंतामण, दाभोश्याची मंजुळा, तिची चुलत जाऊ यमुना, सूर्यमाळजवळच्या पाड्यावरच्या सोनीबाई आणि मी. हॉटेल निवडायचं काम माझं. सहा वर्षांत आम्ही एका हॉटेलात दोनदा कधी उतरलो नाही. आमची तक्रार नव्हती हो, हॉटेलच जागेवर राहत नसे.

आणि सगळ्या किश्श्यांच्या मुळाशी आहे ते सोनीबाईंचं मागणं. त्यांचा मुलगा काशिनाथ आठ वर्षं काचपाड्यातच लाद्या बसवतो. मी ज्या हॉटेलांचे फोटो मोबाइलवर बघते, त्यांतल्या कितीतरी फरश्या त्याच्या हातच्या. पहिल्याच खेपेला जीपमध्ये बसताना सोनीबाई मला म्हणाल्या होत्या, "ताई, काशीनं लादी लावलीय असं हाटेल बघ. एकदा पोऱ्याला त्याच लादीवर बसवून जेवू घालीन म्हणते." एवढंच. मी म्हटलं, बघते की! मला वाटलं होतं, सोपं काम आहे.

* * *

पहिलं हॉटेल मी फोटो बघून निवडलं. पांढरीशुभ्र चादर, उशीवर टॉवेलाचा हंस. पत्त्यावर पोचलो तर तिथे दातांचा दवाखाना! बाहेर फुगे लावलेले, आत पूजा चाललेली. हॉटेल बंद होऊन दहा दिवस झाले होते. मी मोबाइल उघडून बघितलं, तर त्यावर अजून लाल अक्षरांत येत होतं, फक्त एकच रूम शिल्लक, त्वरा करा.

मी रडकुंडीला आले होते. चिंतामणनं माझ्या हातातला मोबाइल घेतला, ते वाचलं, दवाखान्यात डोकावून आला आणि शांतपणे विचारलं, "ताई, त्या दाढ काढायच्या खुर्चीवर कोण झोपनार?"

उद्घाटनाचा पेढा मात्र आम्हा पाचही जणांना मिळाला.

* * *

त्या दिवशी मग समोर दिसलं त्या हॉटेलात शिरलो. मी रिसेप्शनवर आधार कार्डं काढतेय तोवर सोनीबाई खाली उकिडव्या बसल्या आणि बोटाच्या पेरानं लादी वाजवू लागल्या. टक. टक. टक. एका लादीवर थांबल्या आणि तोंड वाकडं केलं.

हे समजायला आमच्याकडचं घर बघायला हवं. नवं घर बांधलं की पाड्यावरच्या बायका जमीन करायला जमतात. माती, शेण, पाणी आणि मग ओळीनं बसून लाकडी चोपण्यानं दिवसभर चोपायचं. जमीन चांगली झाली की नाही ते डोळ्यांनी नाही, कानानं कळतं. सोनीबाईंचा त्यात आसपासच्या पाड्यांवर मान आहे. काशिनाथ लहानपणी त्यांच्या शेजारी बसून चोपायचा. पुढे शहरात लादीच्या कामावर लागला तेव्हा मुकादमानं त्याच्या हाती रबरी हातोडी दिली, आणि शिकवायला फारसं काही उरलंच नाही म्हणे.

तर सोनीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ही काशीची नाय. हिच्या पोटात हवा हाय."

मॅनेजर धावत आला. त्याला वाटलं काहीतरी सरकारी तपासणी आहे! त्यानं दुसरी रूम दाखवली, तिथेही टक टक. तिसरी दाखवली. चौथ्या रूमपर्यंत तो स्वतः खाली बसून वाजवत होता आणि सोनीबाई त्याला कान कसा लावायचा ते दाखवत होत्या. शेवटी त्यातल्या त्यात बऱ्या रूममध्ये आम्ही राहिलो. सकाळी निघताना तो हात जोडून म्हणाला, "मौसी, पीछे नया विंग बन रहा है. ठेकेदार को छोड़ने से पहले आप एक बार आ जाना."

* * *

काशिनाथ मला पहिल्यांदा भेटला तो हॉटेलच्या फाटकाबाहेर. तिशीचा, बारीक, केसांत सिमेंटची पांढरी धूळ. आईला भेटायला दुपारच्या सुट्टीत आला होता. मी म्हटलं, वर चल, रूममध्ये बस. तो हसला आणि मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. सिक्युरिटीवाला काही बोलत नव्हता, आमच्याकडे बघतही नव्हता. अडवणारं तिथे कुणीच नव्हतं, तरी तो येईना.

"नको ताई," तो म्हणाला. "आत्ताच लादी पुसलीय त्यांनी. पाय उमटतात."

सोनीबाईंनी फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी, सुकट आणि मिरचीचा ठेचा त्याच्या हातात दिला. चहाच्या टपरीशेजारी उभ्या उभ्या त्यानं खाल्लं. त्या सगळा वेळ त्याच्या हातांकडे बघत होत्या. परत जिना चढताना त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. घरी असताना हा पोरगा मांडी घातल्याशिवाय घास घेत नसे. मला ते फार लागलं. त्या दिवसापासून हॉटेल निवडणं हे माझ्यासाठी नुसतं बुकिंग राहिलं नाही.

पुढच्या प्रत्येक खेपेला हेच. तो येई, फाटकाशी थांबे, उभ्यानं खाई आणि साइटवर परत जाई.

* * *

एकदा पावसाळ्यात गेलो होतो. जेवण हॉटेलातच होतं. ताटात पालकाची भाजी आली आणि आमच्या तिघींनीही वाटी बाजूला सरकवली. आचारी बाहेर आला. बिघडली का, मीठ जास्त झालं का, विचारू लागला. मी सांगायचा प्रयत्न केला, की यांच्या पाड्यांवर पावसात उगवलेल्या नव्या भाजीचा मान आधी देवाला द्यायचा असतो, ती पूजा अजून व्हायची आहे, तोवर त्या हिरवी पालेभाजी तोंडात घालत नाहीत. मंजुळानं ते हिंदीत आणखी लांबवून सांगितलं. मला वाटलं, आता हा हसणार. पालक तर बाराही महिने मिळतो!

तो हसला नाही. पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसून म्हणाला, "हमारे गाँव में भी सरहुल से पहले नया फूल-फल नहीं छूते." झारखंडकडचा होता, सरहुल हा तिकडचा फुलांचा सण. सात वर्षांत गावाला एकदाच गेलेला. त्यानं वाट्या उचलल्या, आत जाऊन साधं वरण आणि भात आणला आणि आमच्याच टेबलाशी बसला. पूजा कशी करतात, कुठल्या झाडाखाली, कोण करतं, सगळं विचारून घेतलं. मालकानं दोन हाका मारल्या, तो उठला नाही.

निघताना त्यानं सोनीबाईंना विचारलं, "पूजा हो जाए तो खबर करना, अम्मा. मैं भी उसी दिन खाऊँगा." मंजुळानं आठवणीनं त्याला फोन केला. त्यानं तोवर खरंच पालक खाल्ला नव्हता म्हणे. स्वतः रोज शिजवत होता!

* * *

यमुना फार बोलत नाही. तिचा किस्साही छोटा आहे.

एका हॉटेलात चावीच्या जागी प्लास्टिकचं कार्ड होतं. यमुनानं ते जपून ठेवलं, इतकं जपून की महिनाभरानं दाभोश्याच्या घरी पेटीत सापडलं. बिचारी दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं जव्हारला आली, माझ्या टेबलावर कार्ड ठेवलं आणि खाली मान घालून उभी राहिली. मी हॉटेलला फोन लावला. नंबर बंद. ओळखीच्यांना विचारलं तर कळलं, हॉटेल पाडायला घेतलंय, तिथे बत्तीस मजली काहीतरी होणार आहे.

मी म्हटलं, यमुना, ने घरी, आता कुणाला देणार?

तिनं कार्ड पुन्हा पदरात बांधलं. अजून पेटीत आहे. कुणी विचारलं तर दाखवते आणि म्हणते, "हाटेल गेलं, आमची खोली ऱ्हायली."

* * *

मे महिन्यातली गोष्ट. सूर्यमाळकडे मे महिन्यात पाण्याचे काय हाल असतात ते मी नव्यानं सांगायला नको. सोनीबाई पहाटे उठून विहिरीच्या तळाशी झिरपणारं पाणी वाटीनं भरतात. तर अशा दिवसांत आम्ही एका हॉटेलात उतरलो. सकाळी सगळं आवरून निघालो, स्टॉल लावला, आणि अकराच्या सुमारास मला हॉटेलच्या हाउसकीपिंगचा फोन आला. बाई वैतागलेली होती.

"मॅडम, रूममध्ये पाणीच पाणी आहे!"

मी घाबरले. नळ चालू राहिला का? ती म्हणाली, नाही हो, सांडलेलं नाही, भरलेलं आहे. बादली भरलेली, प्लास्टिकचा मग भरलेला, चहाची किटली भरलेली, चारही ग्लास भरलेले, आणि कचऱ्याचा डबा घासून तोही काठोकाठ भरून वर टॉवेल झाकलेला. हे नेमकं काय करायचं होतं तुम्हाला?

मी सोनीबाईंकडे बघितलं. त्या पापडाचं पाकीट एका साहेबाच्या हातात देत होत्या. मी विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना. नळाला पाणी होतं तोवर भरून ठेवलं, मागून कोण येईल त्याला नको का, असं त्यांचं म्हणणं. नळ तिथे दिवसभर चालतो हे त्यांना ठाऊक होतं. पण मे महिन्यात भरल्या नळाशेजारी रिकामं भांडं ठेवून निघायचं, हे हाताला जमलं नाही.

मी फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं.  पलीकडून बाई म्हणाली, "मॅडम, मी जतची आहे, आमच्याकडेही टँकरच येतो. ऱ्हाऊ द्या. मी झाडांना घालते."

* * *

त्याच संध्याकाळी त्या हॉटेलवाल्यांनी मोबाइलवर रिव्ह्यू मागितला. पाच चांदण्यांपैकी किती, ते सांगा. मंजुळाचं मोबाइलवर बोट चालतं, म्हणून तिलाच लिहायला बसवलं. बाकीच्या दोघी सांगत होत्या, ही लिहीत होती. तो रिव्ह्यू मी जपून ठेवलाय.

"माणसं चांगली. पाणी बक्कळ. खिडकी उघडत नाय, वारा मशीनचा. लादी बरी हाय पण बाथरूममधल्या तीन पोकळ वाजतात, दारापासून चौथी, पाचवी आणि कमोडच्या मागची. चार चांदण्या. लादी नीट केली तर पाचवी देऊ."

हॉटेलचं उत्तर आठवड्यानं आलं. लादी नीट केली होती!

* * *

आता यंदाचं.

मधल्या काळात मी काशिनाथला कितीदा विचारलं असेल, की बाबा, तुझ्या हातचं एखादं हॉटेल सांग. तो टाळायचा. एक सांगितलं होतं, तर आम्ही जाईपर्यंत तिथे ऑफिसं झाली. दुसरं आमच्या आवाक्याबाहेर गेलं. माघात मी पुन्हा फोन केला तेव्हा तो जरा घुटमळला आणि म्हणाला, एक आहे. तिसरा मजला पूर्ण माझा. पण ताई, एप्रिलपासून ते बंद करतायत. नवीन मालक सगळी लादी उखडून लाकडी पट्ट्या टाकणार आहे.

मी त्याच दिवशी बुकिंग केलं. आमच्या साहेबांनी कुरकुर केली तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सही केली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. स्टॉल दुसऱ्या दिवशी होता. तिसरा मजला मिळाला. सोनीबाईंनी दाराबाहेर चपला काढल्या आणि आत गेल्या. पलंगाकडे बघितलंही नाही. खाली बसल्या आणि दारापासून सुरुवात केली. टक. टक. टक. पलंगाखाली हात घालून वाजवलं. कपाटाच्या कडेनं, खिडकीखाली. मंजुळा, यमुना आणि मी दारात उभ्या.  पंधरा मिनिटांनी त्या भिंतीला टेकून बसल्या, तळहात लादीवर पसरून ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "भरीव हाय." मला एकदम भरून आलं. मंजुळानंही डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात काशिनाथचा फोन आला. फाटकाशी उभा होता. सोनीबाई खाली गेल्या, मीही गेले. त्या म्हणाल्या, चल वर. तो म्हणाला, नको आये, कपडे बघ. त्या म्हणाल्या, तुझीच लादी हाय. तो म्हणाला, लावली मी, पण माझी नाय. मी म्हटलं, अरे, एप्रिलमध्ये ती राहणार नाही.  त्यालाही ते ठाऊकच होतं, त्यानंच तर सांगितलं होतं. म्हणाला, भाकर इथेच दे, सुट्टी संपते. मला त्याचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला. मी आजवर कुठल्या दारात शिरताना असा विचार केलाय?

सोनीबाईंनी भाकरी दिली नाही. त्या वळल्या आणि वर निघून आल्या. त्यांनी याआधी त्याला उपाशी कधीच परत पाठवलं नव्हतं.

रूममध्ये आल्यावर त्या जरा वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या. समोर काशिनाथची साइट दिसत होती, हिरवी जाळी लावलेली. मग त्यांनी मंजुळाला फोन लावून द्यायला सांगितलं. पलीकडून काशिनाथनं उचलला.

"काशी," त्या म्हणाल्या, "खिडकीखालची लादी पोकळ वाजतं."

त्यांनी खिडकीबाहेरच्या हिरव्या जाळीकडे बघितलं.

"दुसऱ्या कोनाच्या हातची असंल," सोनीबाई म्हणाल्या आणि फोन मंजुळाकडे दिला.

दहा मिनिटं झाली नसतील, दारावर थाप पडली. काशिनाथ उभा होता. हातात रबरी हातोडी, कानावर पेन्सिल, श्वास लागलेला. पाय घोट्यापर्यंत धुतलेले. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, हो, कंप्लेंट आलीय सांगितलं. मोठ्या जिन्यानंच आला होता.

तो आमच्याकडे न बघता थेट खिडकीखाली गेला, गुडघ्यांवर बसला आणि वाजवू लागला. एकेक लादी. चारही कोपरे आणि मधोमध. कान जमिनीला लावून ऐकलं. खिडकीखालची ओळ झाली, तिच्या मागची झाली. पलंग एकट्यानं सरकवला आणि त्याखालच्याही सगळ्या वाजवल्या. त्याच्या कपाळाला घाम आला होता. सगळी खोली संपवून तो दारापाशी आला, तिथून पुन्हा खिडकीपर्यंत गेला आणि मग हातोडी खाली ठेवून आईकडे वळला.

"आये, कंची?"

सोनीबाई फडक्याची गाठ सोडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"हात धू," त्या म्हणाल्या. "भाकर निवतं."

 तो उठला आणि हात धुवायला आत गेला. सोनीबाईंनी ताटली उचलली आणि खिडकीखालच्या त्या लादीवर ठेवली.